बुदिमीरची पेन्सिल आणि आरपार वारा

रविवारी सकाळी बायको कोसारा बाजारात गेली आणि बुदिमीरने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. काम दहा मिनिटांचं होतं. (टीव्ही उघडला तेव्हाही दहा मिनिटांचंच होतं. तो टीव्ही आता तळघरात आहे.)

लेक स्लाव्हिका टोरांटोला. दर रविवारी पाच वाजता ती कॉम्प्युटरवर दिसायची. गेल्या खेपेला नातू तोंडात अर्धं बिस्कीट धरून चार मिनिटं तसाच गोठून राहिला. आता तो चालायला लागला होता आणि आज आजीला चालून दाखवणार होता. कोसाराने निक्षून सांगितलं होतं, "आज चित्र अडकलं, तर त्या खोक्याबरोबर तूही तळघरात."

उपाय मासिकात होता. प्रोसेसरच्या पाठीवर काही बारीक सोनेरी रेघा कारखान्यातच तोडलेल्या असतात. त्या मऊ पेन्सिलीने जोडल्या की त्याचा लगाम सुटतो, मग पळवा हवा तेवढा. सर्बियातल्या निश शहरात कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला एक रेघ काय जड? त्याने कोसाराची शब्दकोड्याची पेन्सिल उचलली, भिंग लावलं, श्वास रोखला आणि रेघा जोडल्या.

कॉम्प्युटर पळू लागला. तापूही लागला.

बुदिमीरने त्याचं झाकण काढूनच ठेवलं, टेबल खिडकीशी ओढलं आणि ही खिडकी अन् स्वयंपाकघरातली, दोन्ही सताड उघडल्या. बाहेर जानेवारी. उणे आठ.

या घरात चाळीस वर्षांत दोन खिडक्या एका वेळी उघडल्या नव्हत्या. आरपार वाऱ्याने मान धरते, दात ठणकतात, तोंड वाकडं होतं, हे सगळं निश जाणतं. बुदिमीर तर भर जुलैत बसच्या खिडक्या बंद करायला लावणारा. तो टोपी, मफलर आणि दोन बनियन घालून पहाऱ्याला बसला.

बाजारातून परतलेली कोसारा दारातच ओरडली, "अरे माणसा, आरपार वारा!"

"ताजी हवा आहे."

"ताजी हवा? जुलैत मी खिडकी उघडली तर मला खुनी म्हणालास!"

"जुलैचा वारा वेगळा."

"इकडे ये. ताप बघू दे."

"मला काही झालेलं नाही. तू तुझी कोबीची सारमा बघ."

सारमा शिजली. चार वाजता बुदिमीर दाढीला गेला आणि कोसाराने दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. मग तिला ते उघडंनागडं यंत्र दिसलं. लेक बघणार, लोक काय म्हणतील! फ्रिजवर होता तसाच क्रोशाचा जाड रुमाल तिने त्यावर पांघरला.

बुदिमीर परतला तेव्हा खोलीत करपट वास होता आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा.

"काय केलंस तू?"

"मी रुमाल घातला. झाकण कुणी काढलं?"

बुदिमीरने रुमाल उचलून बाजूला ठेवला. कोसारा मग भांडली नाही. ठेवणीतला ब्लाउज घालून ती काळ्या पडद्यासमोर नुसती बसली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"पेन्सिलीने रेघा मारल्या," तो अखेर म्हणाला. "आतल्या चिपवर. पळावं म्हणून."

"माझ्या पेन्सिलीने?"

"हो."

"मग खोड की!" तिने एप्रनच्या खिशातून खोडरबर काढून त्याच्या हातावर आपटलं.

(पस्तीस वर्षं लेथ. हे सुचलं नव्हतं.)

त्याने चिप काढून रेघा खोडल्या, कापसावर राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, घेऊन पुसल्या. उरलेली राकिया स्वतः घेतली. पाचला दोन मिनिटं कमी असताना यंत्र कण्हत, जुन्या चालीने सुरू झालं. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

स्लाव्हिका दिसली. चित्र स्वच्छ. पोराने तीन पावलं टाकली, धपकन बसलं आणि स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. कोसारा हसत रडली.

बुदिमीर खाकरला. "चित्र कसं आहे? जरा दुरुस्ती केली मी."

"नाही रे बाबा, अडकायचं ते आमच्याकडून. परवाच नवा कॉम्प्युटर घेतला. तुझ्या कॉम्प्युटरला काहीच नको करूस. पण तू तिकडे फ्रिजकडे का बघतोयस?"

बुदिमीरने मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळली नाही.

"ताजी हवा खाल्लीय त्याने," कोसारा म्हणाली. तिने त्याला खुर्चीसकट पडद्याकडे फिरवलं, तोच क्रोशाचा रुमाल त्याच्या मानेला गुंडाळला आणि वरून थोपटला. "आता ताप हवा तेवढा."