सुभेदारांची ट्रंक

सकाळी सातला शेजारच्या अंगणात दोघं पाणी घालत. माने काकू तुळशीला आणि माने सुभेदार अर्थिंगला. जमिनीत पुरलेल्या त्या नळीभोवती मीठ-कोळसा टाकून ते इतक्या मायेनं पाणी ओतत, की तिला एखाद्या दिवशी पालवी फुटेल असं मला वाटे.

सुभेदार लष्करात बिनतारी संदेशाचं काम करून साताऱ्यात येऊन राहिलेले. अणुबाँब आभाळात खूप उंच फुटला तर खाली माणसाला काही होत नाही, पण एक न दिसणारा झटका येतो आणि विजेवरची यंत्रं जळून जातात, हे त्यांनी पहिल्याच भेटीत चहा यायच्या आत मला ऐकवलं होतं.

"पत्र्याची ट्रंक, आतनं पुठ्ठा, झाकण घट्ट, वायर जमिनीत. बास! मग झटका येऊ द्या न्हाईतर त्येचा बा!"

त्यामुळे त्यांचा रेडिओ ट्रंकेत राही. बातम्यांपुरता बाहेर येई, हवामान सांगून झालं की पुन्हा आत. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची नवी स्कूटर विकून त्यांनी एक जुनाट आणली होती. ती वीस लाथा खाल्ल्याशिवाय सुरू होत नसे.

"पर त्या दिवशी अख्ख्या साताऱ्यात हीच चालू हुईल, मास्तर."

"पण त्या दिवशी जाणार कुठं?"

"ते बघू की! आदी चालू तर हुंद्या."

मग अणुचाचण्या झाल्या, तो उन्हाळा आला. पेपरात रोज तेच. सुभेदारांचा एकुलता एक मुलगा सुनील तेव्हा सरहद्दीवर होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. हा फोन जळला तर पोराचा आवाज ऐकायचा कशावर, या काळजीनं सुभेदारांनी तो तारेपासून सोडवून ट्रंकेत घातला. रविवारी तेवढा बाहेर काढायचा असं ठरलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

सुनीलचा फोन आला गुरुवारी, आणि तो माझ्याकडे. "काका, आमच्या घरी नुसती घंटी जातीय, कोण उचलंना. बरी हायेत न्हवं सगळी? आप्पास्नी सांगा, आमी आता पुढं निघालोय. लय दिस फोन न्हाई व्हायचा." मी खिडकीतून सुभेदारांना हाक मारेपर्यंत फोन तुटला.

मी त्यांच्या घरी जाऊन निरोप सांगितला. सगळं ऐकून सुभेदार तडक ट्रंकेपाशी गेले. ट्रंक उघडली, फोन काढला, तार जोडली. काकू आत निघून गेल्या. मला सुभेदारांचा रागही आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. फोन नीट चालतो का ते कानाला लावून पाहिल्यावर ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, आवाज कसा हुता त्येचा?"

खणखणीत होता, असं मी सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि सुनील काय काय बोलला ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.