धाकट्या बाटलीच्या वाऱ्याची हकीकत

श्रीजलाधीश प्रसन्न. जयाने प्राणिमात्रांस वारा दिल्हा आणि मोल मागितले नाही, त्या जगदीश्वराचे पायी डोई ठेवोन लिहिले जाते. शके सत्राशे पस्तीस, श्रीमुखनाम संवत्सरी, माघमासी समुद्रतीरीच्या एका राज्यात वारियाचे मोलावरून जे जाहले, ते ऐकोन भल्याभल्यांचे हातपाय गार पडले, ते ऐसे.

त्या राज्यी समुद्राचे पोटी पोवळियांची बने बहुत आणि रंगीत मासे बहुत, आणि ते पाहावयास परमुलखीचे पाहुणे येत, आणि राज्याचे पाणबुडे तयांस हाती धरोन खाली नेत आणि सुखरूप वर आणीत. पाणबुडियाचे पाठीस वारियाची थोरली टाकी आणि कुशीस धाकटी बाटली. थोरलीने दगा दिल्हा तर धाकटीचे वारियावर वर यावे, येवढियासाठीच धाकटी. तिजवाचून कोणी पाण्यात उतरू नये, ऐसी महाराजांची सक्त ताकीद होती. वारा भरावयाचा तो सरकारी वायुखान्यात. तेथे धडधडते यंत्र आणि यंत्रापाशी दरोगे गिरमाजीपंत उपरणे सावरीत बसलेले. थोरलीस वारा भरणे एक रुपया, आणि धाकटीसही एक रुपया, ऐसा महाराजांचे शिक्क्याचा दर.

आश्विनमासी समुद्र निवळला आणि हंगाम सुरू जाहला, तेव्हा पाणबुडियांचे म्होरके धाकोजी तांडेल दोन्ही घेवोन वायुखान्यात गेले आणि दर ऐकोन चकितच जाहले. बोलिले, "पंत, म्हशीला आणि रेडकाला एकच भाव?" पंत बोलिले, "तांडेल, नळी जोडायची एकदा, सोडायची एकदा. धाकटी तर हळूहळू भरावी लागते, नाहीतर तापते. खरे म्हणजे जास्तच घ्यावे, पण तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसतो." तांडेल बोलिले, "तोंडाकडे बघता तर निम्मेच घ्या की." पंत बोलिले, "तेवढे काही ते देखणे नाही." सगळे हसले, पंतही हसले, परंतु दर काही हलला नाही. मग पाणबुडियांनी बंदरावर बसोन मसलत केली की, धाकटी लागते कधी? वर्षातून एखादे वेळी. न वापरला वारा जातो कोठे? तरी हंगामाचे आरंभी एकदा भरावी आणि लागेतोवर पुन्हा भरू नये. हे सर्वांस मानवले. धाकटीस आत वारा किती हे दाखविणारा काटाही नव्हता, काटा थोरलीसच. म्हणोन एकदा भरली ती भरलेली, ऐसे सर्वांनी धरिले.

धाकोजींची बायको भिवराबाई, मोठी नेमाची. पती पाण्याबाहेर आल्यावाचून अन्नाचा कण तोंडी घालीत नसत. त्या बंदरी बायकांची एक रीत होती. सकाळी पाणबुडे नावेत बसावयाचे आधी घरधनीण बंदरावर येई, धाकटीस हळदकुंकू लावी, तिची किल्ली किंचित फिरवी, आणि आतला वारा फुस्सकन आपुले गालास लागला म्हणजे देवाचे नाव घेवोन किल्ली बंद करी. तो वारा गालास लागला की बाईंचा जीव भांड्यात पडे. भिवराबाईंनी आश्विनापासोन माघापर्यंत एक सकाळ चुकविली नाही. ताप अंगी असतां चुकविली नाही. थंडगार, अगदी पहाटेचे दंवासारखा तो वारा, आणि त्यास त्या प्राणाचा प्रसाद म्हणत.

माघ शुद्ध पंचमीस तांडेल एका जाडजूड सावकार पाहुणियास घेवोन खाली गेले. खोल पाण्यात थोरलीचे गळ्याचे चामडी कडे फाटले आणि सारा वारा बुडबुड करीत निघोन गेला. तांडेल घाबरणारे नव्हेत. तयांनी धाकटीची नळी तोंडी घातली. एक श्वास आला. दुसरा निम्मा आला. तिसरा आलाच नाही. मग सावकाराने, पाण्यात नवखा असतां, आपुले तोंडची नळी काढोन तांडेलांस दिल्ही, आणि एक श्वास याने एक श्वास त्याने करीत दोघे वर आले. तांडेलांस बंदरावर निजविले तेव्हा ओठ निळे आणि नाकावाटे रक्त. भिवराबाईंनी मस्तक मांडीवर घेतले. तांडेल बोलिले, "धाकटीत वारा नव्हता." बाई बोलिल्या, "होता हो. सकाळीच गालाला लागला माझ्या." तांडेल बोलिले, "मग मी खाली काय ओढत होतो, अगे?"

मग बंदरावर एकच हाकाटी जाहली की, पंतांनी रुपया घेतला आणि बाटली रितीच परत दिल्ही. लोकांनी पंतांस उपरणियासकट उचलोन दरबारी आणिले. महाराज सिंहासनी बसले, पाणबुडे उभे राहिले, बायका खांबाआड उभ्या राहिल्या. महाराज बोलिले, "पंत, दाम घेतला. वारा कोठे?" पंतांनी हात जोडिले. बोलिले, "महाराज, भरली होती. तांडेल स्वतः समोर उभे होते. उघडल्यावाचून वारा जात नाही. कोणी उघडली असेल तर मला काय ठाऊक?" तांडेल बोलिले, "मी तर हातही लावीत नाही." महाराज कोपले आणि बोलिले, "पायी बेडी घाला." खांबाआड भिवराबाईंची जाऊ सकवारबाई कुजबुजली, "वैनी, पंताची बरी जिरली." उघडल्यावाचून वारा जात नाही, हे पंतांचे शब्द भिवराबाईंचे कानी बसले होते, आणि हात आपोआप गालाकडे गेला होता. मग हळूच विचारिले, "सकवारे, तू रोज उघडतेस ना गं?" सकवारबाई बोलिली, "सगळ्याच उघडतो. थोडीशी. त्यात काय एवढं?"

उद्या सकवारेचा घरधनी उतरणार होता. बंदराचे सारे पाणबुडे उतरणार होते. मग ज्या बाईने परपुरुषापुढे कधी आवाज चढविला नव्हता, ती खांबाआडोन बाहेर येवोन उभी राहिली आणि बोलिली, "महाराज, पंतांना सोडा. बाटली मी रिकामी केली." तांडेल बोलिले, "अगे, भान आहे का, काय बोलतेस?" बाई बोलिल्या, "भान आत्ता आलं. रोज तुमच्या श्वासातला एकेक घोट मी गालाला लावून घेतला. भरली आहे का बघता बघता रिकामी केली. आणि मी एकटी नाही. उद्या कोणाला उतरू देऊ नका."

महाराजांस ते खरे वाटेना. चिमूटभर वारियाने बाटली कैसी रिती होईल? मग घरोघरीच्या धाकट्या आणविल्या आणि दरबारात ओळीने मांडिल्या. प्रत्येकीस हळदकुंकू ताजे. पहिली उघडिली, तो आवाज नाही. दुसरी उघडिली, तो आवाज नाही. सकवारबाईने आपुली आपण उघडिली, तिजमधून म्हाताऱ्या माणसासारखा एक सुस्कारा निघाला आणि तीही थांबली. पाणबुडे एकमेकांचे तोंडाकडे पाहो लागले. ऐशाच बाटल्या कुशीस बांधोन ते कैक वेळा खाली गेले होते आणि हसत वर आले होते.

तेव्हा महाराज बोलिले, "बाटली बांधा म्हणून आम्ही सांगितले. ती भरलेली आहे की नाही, हे आम्ही पाहिले नाही. आणि दराखाली शिक्का आमचाच." मग बेडी काढविली आणि हुकूम केला की, थोरली भरावयास येईल त्याची धाकटी वायुखान्याने तेव्हाच, दाम न घेता, काठोकाठ भरोन द्यावी, आणि धाकटीस काटा बसवावा. पंत बेडीचा वळ चोळीत बोलिले, "महाराज, धाकटीला वेळ लागतो." महाराज बोलिले, "लागू द्या." बायकांचे रीतीविषयी मात्र हुकूम जाहला नाही. तो कोणी मागितलाही नाही.

फाल्गुनी तांडेल बरे होवोन पुन्हा उतरावयास निघाले. भिवराबाईंनी धाकटीस कुंकू लाविले आणि हात पदराआड घेतला. तांडेल बोलिले, "उघड हवी तर. काटा पूर्ण वर आहे." बाई बोलिल्या, "नको." तांडेल बोलिले, "मग तुझं मन कसं राहील?" बाई बोलिल्या, "नाही राहणार. तुम्ही वर येईपर्यंत नाहीच राहणार. जा आता." मग नाव गेली, आणि बाई उपाशीच समुद्राकडे तोंड करोन बसल्या, आणि दोन घटकांनी तांडेल वर आले.

येणेप्रमाणे धाकटीचा वारा फुकट जाहला आणि बाटलीतच राहिला. ज्यांनी पाहिले तयांनी सांगितले, तैसे लिहिले. लेखनसीमा.