शाहीनाजच्या वीस निरोगी बायका

निरोगी बायका हव्यात? मग मला विचारा! दमियातच्या आमच्या गल्लीत कोणाचे गुडघे खरे दुखतात आणि कोणाचे फक्त सून समोर आली की दुखतात, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून शाहीनाज, माझी धाकटी, डोकं धरून बसली तेव्हा मी छाती ठोकून म्हटलं, "एवढंच ना? शुक्रवारी सकाळी वीस बायका दिवाणखान्यात आणून बसवते. मोजून घे."

शाहीनाज सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि आठवड्यातून दोनदा मायक्रोबसमध्ये कोंबून घेऊन मन्सूराला एम.एस्सी.च्या तासांना पळायचं, असं तिचं चार वर्षं चाललेलं. आता प्रबंध तेवढा उरला होता. मधुमेही लोकांचं रक्त हॉस्पिटलात हवं तेवढं. पण त्याच्याशी ताडून बघायला पन्नाशीपुढच्या वीस धडधाकट बायकांचं रक्त पाहिजे होतं, तेही बारा तास उपाशीपोटी घेतलेलं. आणि धडधाकट बाई हॉस्पिटलात मरायला येते कशाला? महिनाअखेरीस आकडे गेले नाहीत तर विद्यापीठातून तिचं नाव कटणार होतं. चार वर्षं पाण्यात.

"आई, फक्त पाणी चालेल," तिनं मला तीनदा बजावलं. "दुसरं काही नाही."

मी काय तान्ही आहे का, असं मी तिला सुनावलं.

शुक्रवारी सगळ्या आल्या. आतल्या खोलीत शाहीनाज सुया आणि नळ्या मांडून बसली, बाहेर बायका आमच्या ह्यांनी स्वतःच्या कारखान्यात बनवलेल्या सोनेरी सोफ्यांवर. मला धरून एकोणीस भरल्या. विसावी आयत्या वेळी तापानं पडली, म्हणून शाहीनाज समोरच्या घरातून चक्क उम्म वजीहला घेऊन आली. वजीहची आई ती, नशिबानं सकाळपासून उपाशीच होती. आमचं अठरा वर्षं बोलणं नाही. माझ्या थोरल्याच्या लग्नात तिनं चारचौघींत म्हटलं होतं की माझ्या बदकात भरलेला कांदा कच्चा आहे. कच्चा! माझा!

आता, आम्हा दमियातवाल्यांना अख्खा इजिप्त चिकट म्हणतो. पाहुण्याला आम्ही म्हणे दारातच विचारतो, चहा घेऊन आलात की घरी जाऊन घेणार? जन्मभर मी हा कलंक धुतेय. आणि माझ्याच दिवाणखान्यात एवढ्या बायका रिकाम्या हातांनी बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतायत! एकीनं नुसता सुस्कारा सोडला, तो मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

मी विचार केला, पाणी तर चालतं. करकदे म्हणजे तरी काय? ज्यात अंबाडीची लाल फुलं आंघोळ करून गेली ते पाणी. आणि ते बिनसाखरेचं द्यायचं तर त्यापेक्षा व्हिनेगर दिलेलं बरं. म्हणून किंचित साखर घातली. आमच्याकडे किंचित म्हणजे चमचा पेल्यात उभा राहिला पाहिजे. मी ट्रे फिरवला, एक पेला स्वतःही घेतला. उम्म वजीहसमोरून मात्र थांबा नसलेल्या बससारखा नेला. आत शाहीनाज प्रत्येकीला विचारत होती, उपाशी ना? जी ती लाल जिभेनं हो म्हणत होती.

रविवारी पोरगी पांढरीफटक होऊन घरी आली. विसातल्या एकोणीस जणींची साखर वर! तिनं मशीन तपासलं, पुन्हा तपासलं. कैरोहून इंजिनिअर आला, मशीन खोलून बघितलं, मशीन ठणठणीत आहे म्हणाला. मग तिच्या मार्गदर्शक बाईंना वाटलं, ह्या गल्लीतच काहीतरी आहे. दोन माणसं येऊन नळाचं पाणी घेऊन गेली आणि आमच्या ह्यांच्या कारखान्यातलं व्हार्निशसुद्धा. गल्लीत तर रडारड. एकीनं नातीच्या साखरपुड्याचे जिलबीसारखे मुशब्बक परत पाठवले. मिठाईवाला मला विचारून गेला की हाजा बदीआ, मी तुमचं काय वाकडं केलं? आणि मी गप्प!

रिपोर्ट चांगला आला होता एकटीचा. उम्म वजीहचा. नवा रुमाल बांधून ती गल्लीतून अशी चालायला लागली, जणू शहराची चावी तिच्या कमरेला आहे. बुधवारी आमच्याच जिन्यात बायकांनी तिला गराडा घातला आणि विचारलं की बाई, तू खातेस तरी काय?

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "कांदा तेवढा नीट शिजवून खाते."

लेकीचं नाव कटायला चार दिवस उरलेत, हे मला ठाऊक होतं. पण खोटं कशाला बोलू? माझं तोंड उघडलं ते त्या कांद्यानं.

"मी सरबत पाजलं होतं सगळ्यांना! हिला सोडून!"

शाहीनाज नुकतीच वर येत होती. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"किती साखर?"

"चिमूटभर."

"आई."

"किलोभर."

ती पायरीवरच बसली. हसते की रडते ते कळेना. आणि अठरा वर्षांनी उम्म वजीह माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "लोक उगाच आपल्याला चिकट म्हणतात. हाजा बदीआ कुठे चिकट आहे? माझ्यापुरतीच आहे."

शुक्रवारी सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं. उम्म वजीहच्या घरी! ते शाहीनाजनं ठरवलं, मला विचारलंही नाही. तिथं शेवटची सुई निघेपर्यंत कोणाला काही मिळालं नाही, आणि मला तर स्वयंपाकघरापासून सर्वांत लांबच्या खुर्चीवर बसवलं होतं. सगळ्या ठणठणीत निघाल्या, अल्लाची कृपा! मग उम्म वजीहनं बदक आणलं. कांदा बरा होता. बरा म्हणजे, शिजलेला होता.

शाहीनाज पास झाली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार आहेत, अक्षर अक्षर जुळवून मी वाचले. आधी उम्म वजीहचे, घर दिल्याबद्दल. मग माझे : "माझ्या आईचे, जिच्यामुळे मी प्रत्येक तपासणी दोनदा करायला शिकले." ते पान मी आल्यागेल्याला दाखवते, आधी सरबत देऊन. हल्ली उम्म वजीहलाही देते. पण पेला ओठाला लावण्याआधी ती बया दर वेळी सगळ्यांदेखत विचारते, "आज रक्त द्यायचं नाही ना?"