थर्माकोलचा बंगला

दत्ताआण्णा कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी भिंतीला हात लावायचे. तळहात नव्हे, उलटा हात. आई पोराच्या कपाळाला लावते तसा. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे, "ताप हाय." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"वैनी, सरांना न्हवं, भिंतीला! पश्चिमेची हाय न्हवं? ह्यो ताप पावसाळ्याबिगार उतरायचा न्हाय."

कळंब्यात आमच्या घराला लागून असलेला मोकळा प्लॉट आण्णांचा. स्वतः राहायचे राजारामपुरीत, भाड्याच्या खोलीत. उभा जन्म फाउंड्रीत साचे करण्यात गेला. लग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर घर बांधायला काढलं आणि पहिलंच जाहीर केलं, "वीट वापरायची न्हाय."

मोबाईलवर त्यांनी परदेशातलं काहीतरी बघितलं होतं. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकमेकांत बसवून भिंत उभी करायची, पोकळीत सळ्या घालायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचं. थर्माकोल काढायचा नाही. तो आतून-बाहेरून कायमचा राहतो, वर गिलावा.

"सर, जन्मभर आम्ही साचं केलं. ओतायचं, निवू द्यायचं, साचा फोडायचा. हितं साचा फोडायचाच न्हाय! भिंत तोच अंगावर घिऊन हुभी. ह्यापरीस भारी काय असतंय?"

टेम्पोभर ठोकळे आले त्या दिवशी सगळी कॉलनी गच्चीवर. दूधवाल्याने विचारलं, "आण्णा, औंदा मखर लईच मोठं काय?" रशीद मिस्त्रींनी तीस वर्षं घरं बांधलेली. त्यांनी एक ठोकळा उचलला, उलटापालटा केला, नखाने टोकरला आणि खाली ठेवला.

"आण्णा, ह्यातनं टीव्ही येतोय. घर न्हाय येत."

"टीव्ही फुटू नये म्हणूनच ह्यातनं येतोय की! मग घर कशानं फुटंल?"

मिस्त्रींनी ठोकळा पुन्हा उचलला आणि ते कामाला लागले.

चौथ्या दिवशी दुपारी वावटळ आली. न बांधलेले ठोकळे उडाले. एक आमच्या तुळशीत आला, दोन समोरच्या गच्चीवर गेले, बाकीचे उसाच्या दिशेने निघाले. आण्णा टॉवेल हलवत त्यांच्यामागे. रस्त्यानं मोटरसायकलवरून एक अनोळखी गृहस्थ चालले होते. आण्णा ओरडले, "ओ पावणं, भिंत धरा की माझी!" त्या बिचाऱ्याने गाडी टाकली आणि खरोखरच धावत जाऊन भिंत धरली. चहा घेऊनच गेला. पुढे आठवडाभर कॉलनीत जो तो विचारायचा, "आण्णा, हायत का भिंती जाग्यावर?"

खरी परीक्षा ओतकामाच्या दिवशी. पंपवाल्याला दुसऱ्या साइटवर जायची घाई. आण्णा वरच्या फळीवर उभे राहून बजावत होते, "दम धरा! गुडघ्याएवढं ओता, फिरून या, मग पुढं." पंपवाल्याने मान हलवली आणि एका कोपऱ्यात धो धो सोडलं. करकर आवाज झाला. कोपऱ्यातले ठोकळे बाहेर फुगायला लागले. भिंत आता फुटणार आणि सगळं काँक्रीट आमच्या अंगणात येणार, हे मला स्पष्ट दिसलं.

"पंप बंद!" म्हणत आण्णांनी फळीवरून उडी टाकली आणि कोपऱ्याला पाठ लावली. "सर, बघताय काय? पाठ लावा!"

मी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत निघालो होतो. लावली पाठ. पलीकडे काहीतरी जड, जिवंत जनावर रेटतंय असं वाटत होतं. बायको आमच्या पलंगाची फळी ओढत घेऊन आली. मिस्त्रींनी ती आडवी ठोकली, तिला तिरपे टेकू दिले. अर्धा तास आण्णा, मी आणि मिस्त्री एका ओळीत भिंतीला टेकून उभे होतो, फोटो काढायला उभे राहावं तसे. कॉलनी हसत होती, पण हसता हसता चार जण येऊन आमच्या शेजारी टेकले.

कोपरा टिकला. मिस्त्रींनी तिथं बुक्की मारली, हात चोळला आणि म्हणाले, "मानलं, आण्णा." फुगवटा मात्र राहिला. तो तासून देतो म्हटलं तर आण्णा ऐकेनात. "ऱ्हाऊ दे. मला बी पोट हाय."

एवढा खटाटोप उन्हाळ्यात गार राहायला, असं मी वास्तुशांतीच्या सकाळपर्यंत धरून चाललो होतो. त्या सकाळी पाहुणे यायच्या आत आण्णांनी मला बोलावलं आणि आमच्या बाजूच्या भिंतीपाशी उभं केलं.

"हितं थांबा. काय ऐकू येतंय त्ये सांगा."

ते आत गेले, दार-खिडक्या लावल्या. पाच मिनिटांनी बाहेर आले ते घामाघूम होऊन.

"काय ऐकलासा?"

"आमच्या कुकरची शिट्टी."

"आणि?"

"काही नाही."

"माझं मन राखायला बोलू नकासा, सर."

"खरंच काही नाही, आण्णा."

ते पायरीवर बसले. टॉवेलने तोंड पुसलं.

"आत बाळू वरडत हुता," मग म्हणाले.

बाळू त्यांचा धाकटा भाऊ. पंचेचाळीस वर्षांचा, पण मनाने पोरच राहिलेला. त्याला बोलता येत नाही. भ्याला तरी ओरडतो, खूश झाला तरी ओरडतो. आई गेल्यापासून आण्णाच त्याचं करतात. आण्णा इकडे बांधकामावर असले की बहीण त्याच्यापाशी बसायची. हे सगळं मला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

"सा खोल्या सोडल्या आम्ही. मालक वाईट न्हवती, पर शेजाऱ्यांना झोप लागायची न्हाय. मग मी त्येचं तोंड दाबून धरायचो. खूश हून वरडायला लागला तरी दाबायचो, सर."

मी म्हणालो, "आण्णा, आम्हाला ऐकू आलं असतं तरी चाललं असतं."

"पैल्या म्हैन्यात समदीच तसं म्हणत्यात," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

मग मला आत घेऊन गेले. नवा सदरा घातलेला एक थोराड माणूस रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा होता. आम्हाला बघून त्याने दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली की माझे कान वाजले. आण्णांनी मागं दार लावून घेतलं, त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले,

"वरड, बाळू. आपलं घर हाय."