हिराजीकाकांची चुन्याची रेघ

दिवसाउजेडी ओहोटी लागली की हिराजीकाका डब्यात चुना कालवतात, काथ्याचा कुंचा उचलतात आणि धक्क्याच्या तोंडाशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक पांढरी रेघ ओढतात. रेघेच्या अलीकडे भारत. पलीकडे उरलेलं जग. भरती आली की समुद्र रेघ पुसून टाकतो. पुढच्या ओहोटीला काका पुन्हा हजर. ही सीमा रोज पुसली जाते, याचा त्यांना जराही राग नाही. "पुसनं त्याचं काम, काढनं माजं," एवढंच म्हणतात.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलं की किनाऱ्याने पुढे आमचा कोळीवाडा लागतो. काका कस्टमच्या चौकीवर शिपाई होते. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी नारळ, शाल आणि घड्याळ दिलं. टोपी परत मागायला कुणाला सुचलं नाही, आणि देश राखायचं काम काकांकडे राहिलं ते राहिलंच.

रेघ ओलांडणाऱ्याला त्यांचे प्रश्न ठरलेले. नाव काय? बापाचं नाव काय? गाव कुठचा? घरी कोन कोन हाय? आणि शेवटी, मान तिरकी करून, तो एक प्रश्न: "आलास ते आलास, जानार कवा?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही? बदलून आलेल्या डॉक्टरला विचारला, बँकेच्या साहेबाला विचारला. सरपंचांची नवी सून उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आली, तर तिलाही विचारला. ती बिचारी म्हणाली, "मरेपर्यंत इथंच." काका म्हणाले, "म्हंजे तारीक न्हाय."

त्यांच्या मते जगात पाहुणा एकच, गणपती. येतो, मोदक खातो, ठरल्या दिवशी जातो. कुणाला सांगावं लागत नाही. त्याखालोखाल थंडीत येणारे परदेशी पक्षी. "शिस्तीचे हायत. होळीच्या पुढं एक दिस रेंगाळत न्हाईत."

गावाला काका फार आवडत. कारण गावाच्या मनात जे होतं ते काका चुन्याने काढत होते. आमच्या होड्यांवर आता आमची मुलं नसतात. ती आखातात, जहाजांवर, नाहीतर मुंबईत. जाळं ओढायला येतात नेपाळचे, झारखंडचे, आंध्रचे लोक. आमचा मासा त्यांनी काढावा, आमचं बर्फ त्यांनी वाहावं, आणि संध्याकाळी आमच्या डोळ्यांसमोरून नाहीसं व्हावं, एवढीच गावाची माफक अपेक्षा. गावकीच्या बैठकीत बाहेरच्यांवर भाषणं होत, आणि भाषण संपवून तेच होडीवाले नाखवे बाहेर येऊन फोनवर विचारत, "और दो आदमी मिलेगा क्या?"

मी अशा घरातली, जिथे बाळाच्या दुपट्याआधी पत्रकांचे गठ्ठे आले. वडील कामगार संघटनेचे, पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. तेव्हा काकांशी माझं जुंपणार हे ठरलेलंच होतं.

"काका, सीमा म्हणजे माणसाने काढलेली रेघ."

"मंग? चूल पन मानसानीच मांडली. म्हनून कुनी पन येऊन भात रांधायचा?"

"आपल्या कोळीवाड्यातला रोशन दुबईत आहे. त्याला तिथे कुणी असं विचारलं तर?"

"तो कामाला गेलाय. येल परत."

"हेही कामालाच आलेत."

"म्हनून तं इचारतो, जानार कवा?"

एकदा मी त्यांना सांगितलं की नेपाळच्या माणसाला आपल्या देशात यायला पासपोर्ट लागत नाही, आपल्यालाही तिकडे जायला लागत नाही. दोन्ही देशांनी दार उघडं ठेवलंय, आणि आभाळ काही कोसळलेलं नाही. काकांनी कुंचा खाली ठेवला. म्हणाले, "म्हंजे दाराला कडीच न्हाय? आनि मी इथं इतकी वर्सं चुना घालवला?"

शेवटी मी पत्रक काढलं. 'ही रेघ पुसा.' त्यात स्थलांतरित कष्टकरी होता, श्रमाचा सन्मान होता, मुक्त सीमांचं जग होतं. घरोघर वाटलं. आठवड्याभरात बाजारात सुकट त्यातच बांधून मिळू लागली. काकांनी पाच प्रती जास्तीच्या मागून घेतल्या. "कागद चांगला हाय, पत्रकवाली. कुंचा पुसाया बरा."

विश्वास नाखवा हा काकांचा सख्खा पुतण्या. काकांना दोन वेळचं जेवण त्याच्याच घरून येई, कारण काकी गेल्यापासून काकांच्या घरात चूल पेटलेली नव्हती. विश्वासच्या होडीवर एक चाळिशीचा नेपाळी खलाशी होता. गाव त्याला बहादूर म्हणे. गाव सगळ्याच नेपाळ्यांना बहादूर म्हणतं, तेवढाच लक्षात ठेवायचा त्रास कमी. हा बहादूर प्रश्नांना कंटाळत नसे. होडी लागली की तो रेघेवरच बसकण मारी, एक पाय देशात, एक परदेशात, आणि काकांशी बोलत राही. मला वाटे, काका त्याची उलटतपासणी घेतायत. पत्रकातला 'अपमानित श्रमिक' मी त्याच्याकडे बघूनच लिहिला होता. त्याला विचारून नव्हे.

मागच्या थंडीत, एका सकाळी होडी परत येत असताना तो जाळ्याच्या ढिगावर बसला, आणि उठला नाही. छाती धरली होती म्हणे. धक्क्यावर आणला तेव्हा गार होता.

पोलीस ठाण्यातून जमादार आले. वही उघडली.

"नाव?"

"बहादूर," विश्वास म्हणाला.

"पुढे?"

विश्वासने बायकोकडे पाहिलं. बायकोने होडीकडे.

"गाव?"

"नेपाळ."

मयताच्या खिशात फोन होता, पण त्याला कुलूप लागलेलं. आणि होडीच्या कागदांत तर बहादूर नव्हताच. बंदरात खलाशी नोंदवायला ओळखपत्र लागतं. परदेशी माणसाचं लचांड नको म्हणून विश्वासने दुबईला गेलेल्या रोशनचं कार्ड लावलं होतं. आमच्या गावाने देश असा राखला होता. जो देश सोडून गेला त्याच्या नावावर, जो देशात आला तो समुद्रात जात होता. बाकीचे खलाशी नवे, वेगवेगळ्या मुलखांतले. तेही त्याला बहादूरच म्हणत.

"मग बेवारस लिहितो," जमादार म्हणाले. विश्वासच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. बेवारस म्हणजे चौकशी थोडी. चार लाकडं, आणि संपलं. गावातली मोठी माणसंही माना हलवू लागली. इतक्या लांब प्रेत कोण नेणार, इथंच काय ते उरकावं.

मला ओरडून सांगायचं होतं, तो बेवारस नाही. पण मग तो कोण, हे मलाही सांगता आलं नसतं. माझ्या आख्ख्या पत्रकात त्याचं नाव नव्हतं.

तेवढ्यात हिराजीकाका रेघेपाशी उठून उभे राहिले. टोपी सरळ केली. साहेबासमोर हजेरी द्यावी तसे ताठ होऊन म्हणाले, "लिव्हा. मनबहादुर कालू धामी. बाप मयत. गाव काफलडांडा, जिल्हा अछाम. गाडी सोडली की दीड दिस चालायचं. घरी आई हाय, तिला कमी दिसतं. बायको पार्वती. दोन मुली, मोठी दहावीला. घराच्या मागं काफळाचं झाड. करवंदाएवढं लाल फळ लागतं, चैतात."

"झाडाचं राहू द्या," जमादार म्हणाले.

"लिव्हा. गावात दुकान एकच, दुकानदाराचा नंबर सांगतो." आणि त्यांनी नंबर पाठ म्हणून दाखवला.

विश्वास दबक्या आवाजात म्हणाला, "काका, कार्डाचं निघंल. होडी जप्त होईल माजी."

"होऊ दे."

"आपलं मानूस हायस ना तू?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आनि लिव्हा, रोशनच्या कार्डावर हाच जायाचा. मला म्हाईत व्हतं. मी गप ऱ्हायलो, ते पन लिव्हा."

जमादारांनी नंबर लावला. दुकानदाराने माणूस धाडून पार्वतीला बोलावलं. फोन आला तसा जमादारांनी तो काकांच्या हातात दिला, कारण तसलं बोलणं दुसऱ्याने बोललेलं बरं असतं.

काकांनी मोडक्या हिंदीत सांगितलं. पलीकडून बारीक आवाजात तिने विचारलं, "आप लाइनवाले काका हो?"

काका खाली बसले. रेघेवरच, मनबहादुर बसायचा तिथे.

"वो बोलते थे," ती म्हणाली, "वहाँ एक काका हैं, रोज घर का पूछते हैं."

आणि मग तिने एकच विचारलं, "वो कब आएँगे?"

सगळ्या कोळीवाड्याला, डॉक्टरला, सरपंचांच्या सुनेला तारीख मागणाऱ्या या माणसाजवळ तिला द्यायला तारीख नव्हती. फोन कानाशी तसाच धरून ते जमादारांना, विश्वासला, आम्हा सगळ्यांना म्हणाले, "जानार कवा तो? सांगा ना कुनीतरी. ती इचारते हाय."

गाडी कोळणींनी ठरवली. मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवून त्यांनी बर्फ दिलं. मनबहादुर आपल्या नावानिशी उघड्या सीमेपलीकडे पोचायला पाच दिवस लागले. पार्वतीला काका रोज फोन करून सांगत, आज कुठवर आला.

विश्वासची होडी अटकावून ठेवली आहे. काकांचं जेवण बंद झालं. ज्या गावाने त्यांच्या रेघेला इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या, ते गाव आता रस्त्यात भेटलं तर मान फिरवतं. घरच्या माणसाला बुडवून परक्याची बाजू घेतली, म्हणतात. काका आता स्वतःच भात रांधतात, आणि तो करपवतात.

त्यांचं मत बदललंय, असं कुणी समजू नये. "दाराला कडी पायजेच," ते मला कालच म्हणाले. माझंही बदललेलं नाही. दारं उघडीच हवीत. आमचं भांडण चालू आहे. फक्त आता मी ते रेघेपाशी बसून भांडते.

काल नवा खलाशी आला, झारखंडचा. काकांनी थांबवला. नाव, बापाचं नाव, गाव, घरी कोण कोण, शेजारी नदी कुठली. उत्तरं डोळे मिटून ऐकली, पुटपुटत दोनदा घोकली, आणि त्याला जाऊ दिलं.

"काका, शेवटचा प्रश्न राहिला," मी म्हटलं.

त्यांनी कुंचा डब्यात बुडवला. "तो आपला न्हाय, पोरी. तो त्याच्या घरच्यांनी इचारायचा."