दातांतला तिसरा रुमाल

डीएनए उभा करायचा तर माणसाला तिसरा हात हवा, हे किनांतीबाईंच्या लक्षात तपासणीच्या आदल्या दिवशी आलं. मैदानात बारावीच्या मुलांची एक रांग, समोर मुलींची दुसरी, आणि मधे हायड्रोजन बंध म्हणून रुमाल, अशी त्यांची योजना होती. रुमाल अशासाठी, की हात धरायचे म्हटल्यावर अख्खा वर्ग लाजून भिंतीला चिकटला होता. आता काही जोड्यांत बंध दोन असतात, काहींत तीन. दोन रुमालांना दोन हात पुरले. तिसरा दातांत धरायचा ठरलं.

बाई त्या शाळेत अकरा वर्षं तात्पुरत्या होत्या. पर्यवेक्षक दार्सोनो यांचा शेरा बरा पडला तर कायम, नाहीतर जुलैपासून घरी.

"शेवटी मी टाळी वाजवली की एका टोकापासून रुमाल सुटत जातील," त्यांनी मुख्याध्यापक विग्न्यो यांना बजावलं. "एकेक बंध कमजोर, सगळे मिळून घट्ट. पण गरज पडली की सुटणारे. धडा तोच आहे, पाक." तिथे सरांना पाक म्हणत, बाईंना बू.

"इंगिह, इंगिह," विग्न्यो मान डोलवत म्हणाले, म्हणजे हो, हो. कुणाच्याही तोंडावर ते कधी नाही म्हणाले नव्हते. मात्र मागल्या वर्षी याच मैदानात स्काउटांचा मनोरा पाहुण्यांच्या मांडीत कोसळला होता, आणि तो त्यांच्या स्वप्नात अजून कोसळत होता. बाईंची पाठ वळताच ते मुलांकडे गेले.

"पाहुण्यांसमोर कुणीही काहीही सोडायचं नाही. बू काय वाट्टेल ते म्हणोत. कळलं?"

मुलं गोंधळली, पण मुख्याध्यापक ते मुख्याध्यापक.

सकाळी नऊला डीएनए झोकात उभा राहिला. दार्सोनोंनी चष्मा पुसला. "छान! आता उघडून दाखवा, बू."

बाईंनी टाळी वाजवली. कुणी हललं नाही. पुन्हा वाजवली. पहिल्या जोडीतल्या गालूहने रुमाल आणखी घट्ट धरला.

"गालूह, सोड ना गं!"

"म्म्म म्म," गालूह म्हणाली. तिच्या दातांत तिसरा रुमाल होता. तिने डोळ्यांनी बाईंच्या मागे खुणावलं. दार्सोनोंच्या खुर्चीमागे उभे राहून विग्न्यो दोन्ही मुठी आवळून दाखवत होते. बाईंनी वळून पाहताच त्या मुठींचा नमस्कार झाला.

"पाक, तुम्ही तरी सांगा यांना!"

"इंगिह, इंगिह," विग्न्यो हसले, आणि बाईंची पाठ वळताच पुन्हा मुठी आवळल्या.

"तुम्ही म्हणालात बंध कमजोर असतात," दार्सोनो वहीत काहीतरी लिहीत म्हणाले. "मला काही समजेनासं झालंय."

बाईंनाही समजेनासं झालं होतं. अकरा वर्षं डोळ्यांसमोरून जायला लागली. त्यांना रडूच येणार होतं, तेवढ्यात फाटकाबाहेर टोक-टोक-टोक वाजलं. फेरीवाल्या सारविदीची बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या सुपाची, गाडी. गरम रश्श्याचा वास मैदानात शिरला मात्र, सगळे रुमाल एकदम खाली पडले आणि डीएनए फाटकाकडे पळाला.

विग्न्योंनी डोकं धरलं.

"हे काय झालं?" दार्सोनोंनी विचारलं.

बाईंनी पडलेल्या रुमालांकडे बोट दाखवलं. "उष्णता, पाक. तापवलं की सगळे बंध सुटतात आणि दोन्ही रांगा वेगळ्या होतात."

"अरेच्चा. मग?"

"थंड झालं की परत जुळतात. ज्याचा तो जोडीदार शोधून." हे अगदी खरं होतं, पण ते पुस्तकातल्या डीएनएबद्दल. या डीएनएचा त्यांना काडीचा भरवसा नव्हता.

दार्सोनोंनीही एक वाटी मागवली. पंधरा मिनिटं सगळे खात होते. मग घंटा झाली, आणि पोरं तोंडं पुसत आली, आपापला रुमाल उचलून आपापल्या जोडीदारासमोर उभी राहिली. एकही जोडी चुकली नाही. बाईंनी हळूच डोळे टिपले. फक्त गालूह एकटी होती. तिचा जोडीदार तेगर तिसऱ्या वाटीवर होता.

"जागा रिकामी ठेवून कसं चालेल?" म्हणत दार्सोनो उठले. दोन रुमाल हातांत घेतले, तिसरा दातांत धरला.

बाईंनी टाळी वाजवली. या वेळी सगळे पाहुण्यांकडे बघत होते. मुठींकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. गालूहनेसुद्धा तोंड उघडून तिन्ही रुमाल सोडले, आणि डीएनए पार शेवटापर्यंत सुरेख उघडला. दार्सोनो मात्र तिन्ही रुमाल लोंबकळवत तसेच उभे. त्यांच्या समोरच विग्न्यो होते, आणि त्यांच्या मुठी सवयीने आवळलेल्या होत्या. दार्सोनोंना वाटलं, हाही धड्याचाच भाग.

विग्न्योंच्या हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना घाम फुटला. जन्मात पहिल्यांदा ते वरिष्ठांवर ओरडले, "पाक, सोडा! सोडा म्हणतो ना!"

दार्सोनोंनी सोडलं, तोंड पुसलं आणि उभ्याउभ्याच शेरा लिहिला. विग्न्योंनी तो वाचला: 'या बाईंना शाळेने कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.'

"बघा बू," विग्न्यो बाईंना म्हणाले, "मी सकाळपासून तेच सांगत होतो."