शून्य पाण्याचे लाभार्थी

पाणी हे जीवन आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. कुणाचं जीवन, एवढा तपशील मात्र गृहसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठरतो आणि त्यासाठी निम्मे सभासद हजर असावे लागतात.

आमची कडलोरम गृहसंस्था तिरुवान्मियूरला आहे. अठरा घरं, एक बोअर, एक लिफ्ट (तिचा पाण्याशी संबंध नाही, पण पावसाळ्यात येतो). मी संस्थेचा सचिव. चेन्नईत तीस वर्षं काढूनही मला तमिळमध्ये ठामपणे ‘नाही’ म्हणता येत नाही. एवढ्या एका पात्रतेवर माझी निवड बिनविरोध झाली.

संस्थेत पाणी पाच प्रकारचं येतं आणि प्रत्येकाला आपापला मान आहे. क्षार मोजायची पेनासारखी एक काडी असते, ती पाण्यात बुडवली की आकडा दिसतो. बोअरचं पाणी एकवीसशे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळ मात्र पांढऱ्या दाढ्या वाढवतात. टँकरचं नऊशे (टँकरवाल्याच्या मते काडी खोटी आहे). महापालिकेचं साडेतीनशे, पण ते मुख्यतः ‘येणार आहे’ या स्वरूपात असतं. वीस लिटरच्या कॅनमधलं पन्नास, ते माणसांच्या पिण्याचं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, शून्य. हे शून्य पाणी कुणीही पीत नव्हतं. त्यात तिसऱ्या मजल्यावरचे दोन मासे राहत होते.

मासे नंबिराजन यांचे. नंबिराजन वजनमाप खात्यात चौतीस वर्षं होते आणि त्या काळात त्यांनी अर्ध्या जिल्ह्यातले तराजू जप्त केले. निवृत्त झाल्यावर घरात मोजण्यासारखं काही उरेना. कोमळम अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मिठाच्या डब्यातला चमचा मोजून घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा त्यांनी कोळत्तूरच्या मासेबाजारातून काचेची टाकी आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली समुद्री माशांची जोडी आणली. नावं ठेवली मुत्तू आणि पवळम, म्हणजे मोती आणि पोवळं. आपल्या दोन्ही मुलांची नावं त्यांनी इतका विचार करून ठेवली नव्हती, असं अक्का सांगतात.

आता, समुद्री माशाला समुद्राचं पाणी लागतं आणि समुद्र आमच्या फाटकापासून चारशे पावलांवर आहे. अज्ञानी माणूस इथे बादली उचलेल. पण त्या समुद्रात मिठाशिवाय इतर पुष्कळ गोष्टी असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा आमच्याच संस्थेच्या नळीतून गेलेल्या असतात. म्हणून शास्त्रीय पद्धत अशी: समुद्र मुरल्यामुळे खारट झालेलं बोअरचं पाणी घ्यायचं. यंत्रातून गाळून त्यातलं मीठ काढून टाकायचं. एक बादली शून्य पाणी मिळतं, तीन बादल्या वाया जातात (त्या समुद्राला परत). मग परदेशातल्या एका समुद्राचं, बोटीने आलेलं मीठ त्या शून्य पाण्यात विरघळवायचं. झालं समुद्राचं पाणी. मराठीत याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. इथे याला नुसतं प्लंबिंग म्हणतात.

एवढ्यावर भागत नाही. टाकीतलं पाणी उन्हाने उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज चार लिटर शून्य पाणी वरून घालावं लागतं, नाहीतर माशांचं लोणचं व्हायला वेळ लागत नाही. नंबिराजन ते पहाटे मापाने घालत आणि वहीत सही करत.

मे महिन्यात कत्तिरीचं, म्हणजे इथलं सगळ्यात कडक ऊन सुरू झालं आणि एका शुक्रवारी बादलीत सहा लिटर कमी भरले. नंबिराजननी बादली सील केली, साक्षीदार म्हणून मला वर बोलावलं आणि घरात चौकशी सुरू केली. गुन्हेगार लपत नव्हता. आमच्याकडे शुक्रवारी बायका तेल लावून न्हातात. बोअरच्या पाण्यात शिकेकाई लावली की केसांचा काथ्या होतो. अक्का मात्र गॅलरीत रेशमासारखे केस वाळवत बसल्या होत्या.

“कोमळम, माशांचं पाणी तू घेतलंस?”

“घेतलं. मी या घरात चाळीस वर्षं आहे. मासे मागच्या दिवाळीला आले.”

“अगं, ते त्यात जगतात.”

“आणि मी काय करते?”

वजनमाप खात्याने सहा लिटरची तूट वहीत नोंदवली. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि निघालो.

पुढच्या शुक्रवारपर्यंत ते केस अठराही घरांत पोचले होते, म्हणजे त्यांची वार्ता. लगेच लेखी तक्रार आली की सामायिक बोअरचं पाणी दोन माशांसाठी वाया जातं. त्यावर विशेष सभा भरली. अध्यक्ष तंगराज यांनी पेच फार मुद्देसूद सोडवला. माणूस कुठल्याही पाण्यात अंघोळ करू शकतो, हे आपण रोज सिद्ध करतो. मासा करू शकत नाही. तेव्हा माणसाला शून्य पाणी देणं ही चैन आणि माशाला देणं ही भूतदया. संस्थेने गच्चीवर मोठं यंत्र बसवावं, घरातलं यंत्र बंद करावं आणि ज्या घरात समुद्री मासे असतील त्या घराला रोज वीस लिटर द्यावेत. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नंबिराजन यांचे डोळे भरून आले. आपल्या माशांसाठी एवढी माणसं एकत्र येतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

नोंदणीचा अर्ज मीच तयार केला. माशाचं नाव, वय, रंग, कायमचा पत्ता, वडिलांचं नाव (रिकामं चालेल). पंधरा दिवसांत अकरा घरांनी प्रत्येकी दोन मासे नोंदवले. एकूण मासे बावीस. संस्थेत काचेच्या टाक्या एक.

अकरा घरांचे दोनशे वीस लिटर काढायला सहाशे साठ लिटर गटारात जाऊ लागले. त्यामुळे बोअर आटला. बोअर आटल्यामुळे पाणी आणखी खारट झालं. पाणी खारट झाल्यामुळे शून्य पाण्याची गरज किती रास्त होती, हे सगळ्यांना पटलं. पाळ्या लावाव्या लागल्या आणि नंबिराजन यांची पाळी आठवड्यातून एकदा आली. तक्ता आडनावाच्या क्रमाने होता आणि तमिळ माणसाला आडनाव नसतं, त्यामुळे तो मी अंदाजाने लावला होता.

टाकी बोटाबोटाने खाली जाऊ लागली. नंबिराजन रोज माझ्याकडे येत. रागावत नसत, नुसता आकडा सांगत. एकदा म्हणाले, “सार, पवळम आता खायला वर येत नाही.” मला वाईट वाटलं. मी अर्ज द्या म्हणालो.

त्यांनी अर्ज दिला: सर्व लाभार्थी माशांची प्रत्यक्ष तपासणी व्हावी. रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली. त्याच सकाळी मीठ संपलं म्हणून नंबिराजन कोळत्तूरला गेले. तंगराज यांच्या पत्नी वर येऊन अक्कांना म्हणाल्या की मासे जरा दहा मिनिटं द्या, भावाला दाखवते. कढीलिंब मागितला तरी आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. अक्कांनी टाकीतलंच पाणी कडीच्या डब्यात घेतलं, दोन्ही मासे अलगद त्यात सोडले आणि दिले.

तपासणी कडक झाली. पहिलं घर नंबिराजन यांचं, त्यांचे मासे खरे असल्याने ते मी न बघताच मंजूर केलं. दुसऱ्या घरात कडीच्या डब्यात दोन केशरी मासे होते. तिसऱ्या घरातही दोन केशरी मासे होते, आणि तसाच डबा. मी जिन्याने सावकाश चढत-उतरत असे, कारण माझ्या पुढे कुणीतरी घाईने चढत-उतरत असे. सहाव्या घरापर्यंत मासे मला ओळखू लागले. प्रत्येक ठिकाणी मी ‘प्रकृती उत्तम’ असा शेरा मारला. अकरावं घर तळमजल्यावरचं, माझं होतं. (माझ्या पत्नीचा अर्ज मी सचिव म्हणून मंजूर केला होता. अर्जदाराचा नवरा म्हणून मी त्या विषयावर स्वतःशी बोललो नव्हतो.) डबा आमच्या ओट्यावर आला, मी आत डोकावलो, शेरा मारला, पत्नीने झाकण लावलं आणि आम्ही दोघं सभेला गेलो.

सभेत अहवाल वाचला. मासे बावीस, प्रकृती उत्तम बावीस, तक्रारी शून्य. तंगराज म्हणाले की एवढी निरोगी मत्स्यसंख्या या किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्याही संस्थेत नसेल. आभाराचा ठराव झाला.

यानंतर योजनेच्या फलश्रुतीचा आढावा घेतला गेला. लाभार्थी घरांत केसगळती सरासरी चाळीस टक्के कमी झाली (मोजणी कंगव्यावरून). बिगरलाभार्थी घरांत तेवढीच वाढली, पण ती मत्सराने असावी. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीचं लग्न जमलं आणि मुलाकडच्यांनी पहिला प्रश्न घरात शून्य पाणी येतं का, हाच विचारला. तंगराज यांच्या स्वतःच्या डोक्यावर, जिथे बारा वर्षं काही नव्हतं, तिथे सात केस आले. ते सभेने रांग लावून पाहिले. एक आठवा केसही आहे असं खजिनदारांचं म्हणणं पडलं, त्यावर मतदान झालं आणि आठवा केस थोडक्यात पडला.

मग मेदूवडा आणि कॉफी झाली. कॉफी शून्य पाण्याची होती. ती बेचव लागली, पण तसं म्हणायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली. दुसरं यंत्र घ्यायचा ठरावही तेवढ्यात झाला.

तेव्हा नंबिराजन दारात उभे राहिले. खांद्यावर मिठाची पिशवी होती, शर्ट घामाने चिकटला होता. ते सगळी दारं वाजवून आले होते.

“सेक्रेटरी सार,” ते म्हणाले, “तुमच्या अहवालात बावीस मासे आहेत. मला माझे दोन द्या. बाकीचे वीस तुम्ही ठेवा.”

प्रत्येकाने डबा पुढच्या घरात दिला होता, आणि पुढचं घर कुठलं ते आठवत नव्हतं. मी विषय पत्रिकेवर नसल्याचं सांगणार होतो, पण नंबिराजन यांच्या मागे उभ्या असलेल्या कोमळम अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या सरळ आमच्या स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी झाकण काढलं. दोघं तळाशी एकमेकांना टेकून पडले होते. कल्ले हलत होते, अगदी हळू.

अक्कांनी डबा छातीशी धरला आणि लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढल्या. माशांना टाकीत सोडलं. मग न्हाणीघरातली शुक्रवारसाठी साठवलेली कळशी आणली आणि टाकीत ओतू लागल्या. नंबिराजन म्हणाले, “थांब, मोजून घाल.” अक्का म्हणाल्या, “तुम्हीच मोजा. मी धरते.” काथ्या झाला तर होऊ दे, असंही म्हणाल्या, पण ते माशांकडे बघून.

संध्याकाळी पवळम खायला वर आला. दोघंही बरे आहेत.

डबा माझ्या ओट्यावर झाकण लावून ठेवल्यापासून झाकण निघेपर्यंत अडीच तास गेले. त्या वेळात सभेने दोन ठराव केले, केस मोजले आणि वडे खाल्ले. तुम्हीही सभेला होता. मुक्या प्राण्यांविषयी कळवळा असलेले वाचक तुम्ही, आणि झाकण लावल्याचं मी स्वच्छ लिहिलं होतं. पुढे बराच वेळ आठव्या केसाचं काय होतं इकडे तुमचं लक्ष होतं, मासे कुठे आहेत असं विचारायला एकही हात वर झाला नाही. इतिवृत्तात मी तुमची नोंद ‘उपस्थित आणि संमत’ अशी केली आहे.